अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आमच्या पिढीला फार लवकर आणि फार पक्की शिकवली गेली. वाद्याला नावं ठेवणं म्हणजे रियाझ न केल्याची कबुली, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की चाळिशी उलटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली ती या संस्कारासकटच. भांडवल काय, तर लहानपणी गाण्याच्या क्लासात छेडलेला तानपुरा. पुढे तारा बदलता बदलता, पेच पिळता पिळता हळूहळू उमगत गेलं, की अंगण पुष्कळदा खरंच वाकडं असतं आणि ते सरळ करायला एक स्क्रू ड्रायव्हर, दोन ॲलन की, तारा कापायचा कटर आणि मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी पुरते. कधी मात्र अंगण अगदी सरळ असतं. कुठे काय आहे हे ओळखण्यातच माझी बरीचशी गिटार शिकून झाली आहे. माझं वाद्य स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटणीचं आहे; तुमचं वेगळं असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

१. तार तुटण्याच्या कितीतरी आधी मरते. तुटली की लगेच कळतं, मेलेली कळत नाही. कारण ती रोज थोडी थोडी मरत असते आणि आपला कान रोज थोडं थोडं तिला सांभाळून घेत असतो. खूण साधी आहे. जाड तारेच्या खालच्या अंगाला, फ्रेटच्या बरोबर वर, नख फिरवून पाहायचं. नवी तार सलग लागते. जुनीला फ्रेटच्या प्रत्येक जागी बारीकशी खाच लागते, आणि वेटोळ्यांच्या मधे घामामळाचा असा थर बसलेला असतो की नखाला काळं लागतं. जाडीच सगळीकडे सारखी राहिली नाही तर ती तार प्रत्येक फ्रेटवर सुरात बोलणार कशी? बारीक तीन तारा साध्या पोलादाच्या असतात, वर कथिलाचा पातळ मुलामा. तो घासला गेला की ठाण्याच्या खाडीवरची जूनची हवा उरलेलं काम करते. सकाळी बोटांवर तांबूस रेघा दिसतात आणि तार बोटाखाली खरखरते. वाजवून झाल्यावर जुन्या सुती पंचाच्या तुकड्याने तारा वरून-खालून पुसल्या तर त्या बऱ्याच जास्त टिकतात. हे मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः निम्म्या वेळा करते.

२. पाकिटावरचा आकडा मर्दुमकीचा नसतो. तारांचे संच सर्वात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखले जातात, तेही इंचाच्या हजाराव्या भागात. ‘नऊचा सेट द्या’, ‘दहाचा द्या’ असं आपण दुकानात म्हणतो ते म्हणजे ०.००९ ते ०.०४२ किंवा ०.०१० ते ०.०४६. एका हजारांशाने काय फरक पडणार, असं वाटतं. पण नेहमीच्या सुरांत लावल्यावर नऊच्या सहा तारा मिळून गिटारच्या मानेला साधारण ३८ किलोंनी ओढतात आणि दहाच्या ४७ किलोंनी. आपल्या बोटांना वाटलेला फरक हा मनाचा खेळ नसतो.

तरीही जाड तारा लावणाऱ्याकडे अजून आदराने पाहिलं जातं. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा लावायचा, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. मला यात सर्वात जवळचा वाटतो ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, आणि डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं. तेव्हा बारीक तारांचे तयार संच सहजी मिळत नसत, म्हणून बँजोच्या तारा लावून पाहिल्या. पुढे तर तारा आणखी उतरवल्या आणि त्यातूनच ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ आवाज घडला. बोटं बदलता येत नव्हती, म्हणून त्याने वाद्य बदललं. तो रडीचा डाव होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मी नऊच्या लावते. दहाच्या लावून पाहिल्या होत्या. आवाज भरदार झाला, हे खरं, आणि मी अर्ध्या तासात गिटार खाली ठेवायला लागले, हेही खरं.

३. ‘गिटारच्या तारा’ मागितल्या तर अकूस्टिकच्या मिळू शकतात. त्यांच्या जाड तारांवर काशाचं वेटोळं असतं, आणि इलेक्ट्रिकच्या पिकअपमधल्या लोहचुंबकाला काशाशी काहीच देणंघेणं नसतं. त्याला फक्त आतली पोलादी तार दिसते, त्यामुळे खालच्या चार तारा दबक्या वाजतात आणि वरच्या दोन ओरडतात. इलेक्ट्रिकच्या जाड तारांवर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं वेटोळं असतं. पाकीट उलटून वाचावं, एवढंच.

४. तार खुंटीवर जितकी जास्त गुंडाळावी तितकी पक्की बसते, हा समज तानपुऱ्याच्या लाकडी खुंटीवरून घेऊन आले होते. इथे उलटं आहे. जास्तीचे वेढे एकमेकांवर चढतात, त्यांच्यात ढिलाई राहते आणि ती ढिलाई नेमकी गाण्याच्या मधे सुटते. जाड तारेला दोन-अडीच आणि बारीक तारेला तीन वेढे भरपूर होतात, तेही वरून खाली उतरत जाणारे, म्हणजे तार नटच्या (तो काय, ते पुढच्याच मुद्द्यात) खाचेत नीट दाबून बसते. माप काढायची सोय आयतीच आहे: ज्या खुंटीत तार घालायची तिच्या पुढे दोन खुंट्यांइतकं अंतर ठेवायचं, तिथे तार काटकोनात मोडायची आणि मगच कापायची. जाड तार न मोडता कापली तर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सैल होऊ शकतं, आणि तशी तार नवीकोरी असूनही मेलेली वाजते. कापलेलं टोक उडतं, म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवावं. आणि ते तुकडे लगेच डबीत टाकावेत. आमच्याकडे केरवाऱ्याला येणाऱ्या ताईंनी एकदा पायातून काढलेला तुकडा माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

५. गिटार सुरात राहत नाही याचं खापर नेहमी खुंट्यांवर फुटतं, आणि त्या बिचाऱ्या बहुतेक वेळा निर्दोष असतात. नवी तार उतरते याची पहिली कारणं म्हणजे वेढे आवळले जाणं आणि टोकाशी तार नीट बसणं. हे आपणच घडवून आणावं. तार सुरात लावायची, मधोमध धरून बोटभर वर ओढायची, पुन्हा लावायची. ओढूनही ती उतरेनाशी होईपर्यंत हेच. मूठभर धीराचं काम आहे.

त्यानंतरही उतरत असेल तर नटकडे पाहावं. नट म्हणजे मानेच्या डोक्याशी असलेली ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची बारीक पट्टी, तिच्या खाचांतून तारा जातात. खुंटी पिळताना ‘टिंग’ असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर समजावं की तार खाचेत अडकत होती. त्यावर औषध शाळेच्या दप्तरातलं: मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत घासायचं. ग्राफाइटवरून तार घसरते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या गिटारांवर तिसरी तार यात सर्वात नाठाळ, कारण नट ओलांडल्यावर तिला खुंटीपर्यंत बरंच वळावं लागतं; स्ट्रॅटवर तारा सरळच जातात. आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. वर गेला तर पूर्ण उतरवून पुन्हा चढवावा. हे मात्र मला गाण्याच्या बाईंनी तानपुऱ्यावर शिकवलेलं होतं. इतक्या वर्षांनी ते असं कामी येईल याची त्यांनाही कल्पना नसावी.

६. स्ट्रॅटचा ब्रिज स्थिर नसतो, तो तोललेला असतो. हे कळल्यावर माझे निम्मे वैताग संपले. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ साली बाजारात आलेल्या या गिटारच्या पोटात त्याने स्प्रिंगा बसवल्या. मागचं झाकण काढलं की दिसतात, बहुधा तीन. पुढून तारा ब्रिजला ओढतात, मागून स्प्रिंगा, आणि ब्रिज या दोघींच्या मधे तरंगतो. म्हणून सहावी तार चढवली की पहिल्या पाच उतरतात, त्या लावल्या की सहावी पुन्हा उतरते. तानपुऱ्यावर जोड लावायची सवय असलेल्या बाईला हा सरळ पोरकटपणा वाटतो. उपाय एकच, फेऱ्या मारत राहायच्या. प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते.

तारा बदलताना एक काढून एक घालत गेलं तर हा तोल फारसा बिघडत नाही. सगळ्या एकदम काढल्या तरी मान वाकत वगैरे नाही, घाबरायचं कारण नाही. उलट एरवी हात पोचत नाही तिथली धूळ निघते. फिंगरबोर्डचं शिसवी लाकूड तेव्हाच नीट पुसता येतं. हे शिसव आपल्याच सह्याद्रीत वाढणारं, आजीच्या पलंगाचं. जगभरच्या गिटारांच्या फिंगरबोर्डवर ते आहे हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता. मात्र तारांची जाडी बदलली, नऊच्या जागी दहाच्या आल्या, तर तोल ढळतो आणि ब्रिज पुढे उचलला जातो. मग मागच्या स्प्रिंगा धरून ठेवणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू आवळायचे. ब्रिजची मागची कड अंगापासून साधारण ३.२ मिलिमीटर वर, असं फेंडरचं माप आहे. मला ट्रेमोलोचा दांडा लागतच नाही, म्हणून मी स्क्रू इतके आवळले आहेत की ब्रिज अंगाला टेकूनच बसतो. शुद्धतावादी लोक नाक मुरडतात. सूर जागेवर राहतात.

७. मान सरळ असावी, पण अगदी सरळ नसावी. तार हलते तेव्हा मधोमध सर्वात जास्त जागा घेते, म्हणून मानेला किंचित पोक लागतो. मोजायचं असं: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, मान अंगाला जुळते तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबायची, आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. पाव मिलिमीटर हवी. फीलर गेज नसेल तर पातळसं व्हिजिटिंग कार्ड घासून जातं का पाहावं, अंदाज येतो.

ही फट ठरवतो मानेच्या आत घातलेला लोखंडी ट्रस रॉड. १९५० मधल्या फेंडरच्या पहिल्यावहिल्या काही एस्क्वायर गिटारांत तो नव्हता. मेपलची मान तारांचा ताण सोसेल असा हिशेब होता. तो चुकला, आणि लवकरच रॉड आला. पुष्कळ स्ट्रॅटच्या मानेच्या पाठीमागे जी गडद लाकडाची उभी पट्टी दिसते ती मला बरीच वर्षं नक्षी वाटत होती. रॉड आत घालण्यासाठी पाडलेली खाच बुजवल्याची ती खूण आहे.

ट्रस रॉडबद्दल लोक कुजबुजत बोलतात, जणू हात लावला की मान तुटेल. तुटते ती घाईने. घड्याळाच्या दिशेने पिळलं की पोक कमी, उलट पिळलं की जास्त. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावायचे, पुन्हा मोजायचं. पेच अडला तर जोर करायचा नाही, गिटार घेऊन कारागिराकडे जायचं. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि उन्हाळ्यात एसीच्या खोलीत ती सोडतं, त्यामुळे माप सरकतं; किती आणि कुठल्या बाजूला, ते ज्या त्या गिटारच्या स्वभावावर. आपल्या हवेत वर्षातून दोनदा तपासलेलं बरं.

८. एफ कॉर्ड न वाजण्याला बोटं जबाबदार असतातच असं नाही. हे मला कुणी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर माझा स्वतःवरचा बराच राग वाचला असता. पहिल्या बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या, आणि त्याही पहिल्याच फ्रेटवर. या एका कॉर्डपाशी गिटार सोडून दिलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. ‘माझी बोटं बारीक आहेत’, ‘माझ्यात ताकदच नाही’, असं ते स्वतःबद्दल सांगतात. मीही सांगत होते.

आता ही परीक्षा करून पाहा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. जवळजवळ नसल्यासारखी, तार हलकेच टिचकली तर फ्रेटला टेकल्याचा बारीक आवाज येईल एवढीच हवी. स्वस्त गिटारांच्या नटच्या खाचा पुष्कळदा कमी खोल ठेवलेल्या असतात. कारखान्याला ते परवडतं, कारण जास्त खोल गेलेली खाच म्हणजे परत आलेली गिटार. मग पहिल्या फ्रेटवर तार टेकवायला विनाकारण जोर लागतो. गंमत म्हणजे हीच कॉर्ड वर सरकवून पाचव्या फ्रेटवर धरली की नीट वाजते. असं होत असेल तर तो दोष तुमच्या मनगटाचा नाही. मात्र खाच स्वतः घासू नये. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि एक घासा जास्त झाला तर नवा नट बसवावा लागतो. माझा नट मी धोबी तलावाकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून घासून घेतला. त्याने कानस हातात घेण्याआधी मला वाजवायला सांगितलं आणि पूर्ण वेळ माझ्या डाव्या हाताकडेच पाहत राहिला. का, ते पुढे येतंच.

९. तारा जितक्या खाली तितकं चांगलं, हे अर्धसत्य आहे. तार आणि फ्रेट यांच्यातल्या उंचीला ॲक्शन म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सतराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरली की १.६ मिलिमीटरच्या आसपास असावी. ब्रिजवर प्रत्येक तारेला स्वतःचं सॅडल असतं, त्याला दोन इवलेसे पेच, ते बारीकशा ॲलन कीने फिरतात. फिंगरबोर्डला जी गोलाई असते तीच सॅडलांनाही ठेवायची, म्हणजे मधल्या तारा किंचित वर, कडेच्या खाली. खूप खाली आणल्या की तार फ्रेटवर झणझणते, आणि बेंड करताना सूर मधेच गुदमरतो.

या झणझणीपाशी मात्र माझी पंचाईत होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माणसं तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासत बसतात, तार तिच्यावर अलगद लोळावी म्हणून. वर दोरा घालून, तो केसभर पुढेमागे सरकवून आपण ती जवारी खुलवतो. ज्या नादासाठी तिथे एवढा खटाटोप, तोच इथे घालवायला पैसे मोजायचे! माझ्या कानाला सहाव्या तारेची थोडी झणझण गोडच वाटते. गिटारच्या शिक्षकांना वाटत नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की ॲम्प लावून ऐकायचं; जी झणझण नुसती खोलीत ऐकू येते आणि ॲम्पमधून येत नाही, तिच्यासाठी पेच पिळायचा नाही. पिकअप ती फारशी उचलत नाही, आणि शेजारी बसलेल्याला ती ऐकू येत असेल तर त्याने जरा लांब बसावं.

१०. गिटार कधीच पूर्ण सुरात नसते. हे पचायला मला सर्वात जड गेलं. सॅडल उंचीला वरखाली होतं तसंच पुढेमागेही होतं, आणि त्या कामाला इंटोनेशन म्हणतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ६४८ मिलिमीटरपैकी ३२४ वर. तिथे तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच दाबून वाजवायचं. ट्यूनरवर दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, तार लांब करायची. उतरा असेल तर पुढे. तार दाबली की ती ताणली जाते आणि थोडी चढतेच, त्याची ही भरपाई. म्हणून सहा सॅडलं एका ओळीत नसतात, पायऱ्यांनी मागेपुढे असतात. जुन्या तारांवर हे करू नये, मुद्दा एकमध्ये सांगितलेल्या खाचा आडव्या येतात. आणि मान, उंची यांना हात लावून झाल्यावरच करावं, नाहीतर पुन्हा करावं लागतं.

हे सगळं अगदी काटेकोर करून मी सी मेजर वाजवला, तर गंधार चढा. पुन्हा तपासलं, ट्यूनर हिरवा. गंधार चढाच. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमलणारा गंधार लहानपणापासून कानात बसलेला, आणि गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले. त्या हिशेबात गंधार नैसर्गिक जागेपेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका वर पडतो. तेवढा तो पडणारच. त्यात कारागिराचाही दोष नाही, माझाही नाही. हार्मोनियमवरून आपल्याकडे झालेल्या सगळ्या भांडणांचं मूळ मला त्या दिवशी ट्यूनरसमोर बसून नीट कळलं.

आता त्या म्हाताऱ्या कारागिराकडे. माझी तक्रार होती की इंटोनेशन नीट असूनही पहिल्या तीन फ्रेटवर कॉर्ड बेसूर लागतात. नटचं काम त्याने केलंच, पण गिटार परत देताना म्हणाला, “मॅडम, तुम्ही तार लाकडापर्यंत दाबता. फ्रेटला टेकली की पुरे.” फ्रेट उंच, तारा नऊच्या, आणि वर माझा उंच नटवर कमावलेला जोर. सूर चढणार नाही तर काय. ज्या वाकड्या अंगणाने मला तो जोर लावायला शिकवलं ते सरळ झालं, तरी पाय वाकडेच पडत राहिले. ती सवय सुटायला नटच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, आणि तिच्यासाठी कुठली ॲलन की मिळत नाही.

११. पिकअप तारेच्या जितका जवळ तितका आवाज मोठा, म्हणून तो वर उचलायचा मोह होतो. पण आत लोहचुंबक आहे. फार जवळ आला तर तोच तारेला ओढायला लागतो, आणि जाड तारेवर वरच्या फ्रेटला एकाच वेळी दोन सूर थरथरताना ऐकू येतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तिच्यापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंत जाड तारेकडे सव्वादोन-अडीच आणि बारीक तारेकडे दोन मिलिमीटर एवढं अंतर जुन्या धर्तीच्या पिकअपला पुरतं. दोन स्क्रूंचं काम आहे, इतकं सोपं की ते सर्वात शेवटी आठवतं.

१२. सेटअप हे रियाझ टाळायचं सर्वात प्रतिष्ठित निमित्त आहे. गाणं बसत नसलं की मला तिसरी तार थोडी वर वाटायला लागते. रविवारची सकाळ मोजमापात जाते, संध्याकाळी गिटार छान झालेली असते आणि वाजवलेलं काहीच नसतं. आता मी वहीत तारीख घालून मापं लिहून ठेवते: पोक किती, ॲक्शन किती, कुठला सेट. मापं तीच असतील तर गुमान वाजवायचं. या वहीमुळे आमच्या सोसायटीत माझी भलतीच ख्याती झाली आहे. वाजवणारे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, पण गिटारी माझ्याकडे येतात.

परवा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा आला. “काकू, ॲक्शन खाली करून द्याल? दुसऱ्या तारेवर बेंड होतच नाही. बहुतेक माझ्या बोटातच जोर नाही.” वाजवून पाहिलं. दुसरी तार लोखंडी गजासारखी ताठ, आणि तिसरी इतकी ढिली की बोट लागलं तरी सूर हलावा. ॲक्शन व्यवस्थित होती. ट्यूनर लावला, सहाही सूर बरोबर. मग गिटार उलटी केली. त्याने लावलेला सेट डॅडारिओचा होता. त्यात तारेच्या टोकाचा गोळा दर तारेला वेगळ्या रंगाचा असतो, म्हणजे घोळ होऊ नये. दुसरीला जांभळा, तिसरीला हिरवा. इथे हिरवा दुसरीच्या भोकात होता आणि जांभळा तिसरीच्या. जाड तार चढवून बीला नेली होती, बारीक उतरवून जीला. सूर दोन्हीकडे बरोबर, म्हणून ट्यूनरला पत्ताच नाही.

तारा काढल्या, आपापल्या जागी घातल्या, ओढून ओढून लावल्या. त्याने एक बेंड घेतला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे मी रोज बसमध्ये तो हाताचा ग्रिपर दाबत कॉलेजला जात होतो, तो उगाच?”